रीडिंग

एकतीस वर्षं मी मीटर वाचले.
डिचोली, मये, नार्वे, पिळगाव,
आधी सायकलवर, पुढं लुनावर.
कुत्रं ओळखीचं झालं की घर ओळखीचं.
जिन्याखाली, न्हाणीच्या भिंतीला,
काचेआडची चकती बघायची,
लाल खूण किती वेळानं समोर येते.
मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, वजाबाकी.
जाळलं तेवढं भरा.
एवढंच माझं अर्थशास्त्र, आणि त्यावर
दोन मुली शिकल्या.

आता धाकटीनं हा फोन घेऊन दिलाय.
रोज दोन जीबी, शंभर मेसेज,
बोलणं अमर्याद.
मी कुणाशी बोलू अमर्याद?
थोरलीशी रविवारी अकरा मिनिटं,
त्यातली चार ती हेडफोन शोधते.
गॅसवाल्याला एक मिस्ड कॉल.
शंभर मेसेजांतला एकही नाही.

सवय जात नाही. महिनाभर वही ठेवली,
झोपताना सेटिंगमध्ये शिरून आकडा टिपला.
बावीस एमबी. सोळा. एकोणीस.
चतुर्थीला एकशे चाळीस:
भाच्यानं माटोळीचा व्हिडिओ पाठवला,
दोनदा पाहिला, एकदा चुकून.

उरलेलं रात्री बारा वाजता जातं.
कुठं जातं, हे मी बसस्टँडजवळच्या
आयव्हनला दुकानात जाऊन विचारलं.
"जायत खंय, अंकल? जात नाही. संपतं."

बाजारात मासेवाली डझनावर एक बांगडा
वरताळा टाकते. तो घरी येतो,
मांजराला तरी मिळतो.
हा कसला वरताळा,
आधी पैसे घेऊन पिशवीत घालायचा
आणि मध्यरात्री पिशवीत हात घालून
काढून न्यायचा?
काउंटरवर वही उघडून ठेवली.
त्यानं पानं उलटली, कौतुकानं की दयेनं.
म्हणाला, लहान पॅक आहे, रोज एक जीबीचा.
त्याहून लहान?
त्यानं दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे पाहिलं.

एका रात्री हट्टाला पेटलो.
आठपासून बघत बसलो:
इंजिनातून दिसणारी नॉर्वेतली रेल्वे,
कुणीतरी धूत असलेला गालिचा,
बैलाएवढा भोपळा.
साडेअकराला डोळे चुरचुरले. बायको म्हणाली,
"कुणाचं उट्टं काढताय?"
एक जीबी सातशे झाले होते.
बारा वाजले. पुन्हा दोन, काठोकाठ,
जसं काही झालंच नाही.

मग झोप लागेना,
आणि नार्व्याची एस्पेरान्सबाय आठवली.
शेजारचं घर भावाचं, काजेतानचं. तो बहरीनला,
किल्ली हिच्या कमरेला.
आत चकती गप्प. लाल खूण
डाव्या कडेला, तीन वर्षं तिथंच.
तरी बिल निघायचं: किमान आकार.
ते मीच लिहायचो, कार्बनवर दाबून.
एकदा म्हटलं, बाय, कनेक्शन कापून घे,
न जाळलेल्याचे कशाला भरतेस?
ती म्हणाली, "बिलाचेर ताचें नांव येता मरे."
कागदाची घडी घातली,
सायबिणीच्या तसबिरीमागं खोचली.
तिथं आधीच्या होत्याच.
मी हसलो होतो तेव्हा. ऑफिसात सांगून
इतरांनाही हसवलं होतं.

मला मेसेज येतो: प्रिय ग्राहक,
आपला पॅक तीन दिवसांत संपत आहे.
नाव नाही.

शेवटी एक जीबीवाला घेतला.
साठ रुपये वाचले, वहीत लिहिले.
आज चौदा एमबी.
त्यातले नऊ मी झोपलेलो असताना,
पहाटे साडेतीनला,
फोननं आपले आपणच जाळलेत.

बंद घरात चकती हललेली दिसली
तर आम्ही शेरा मारायचो:
गळती असावी,
किंवा आत कुणीतरी आहे.